ॲनिमेशनपटांचे ऑस्कर : विजेत्यांची यादी आणि तिच्यामागची नियमावली

जुनी_रीळ (धागाकर्ता)

सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या ऑस्करविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते बहुधा ‘यंदा कोणाला मिळाले आणि खरे तर कोणाला मिळायला हवे होते’ इथवर जाऊन थांबते. त्या वादात मलाही रस आहे. पण गेले काही आठवडे मी या पुरस्काराची वर्षवार नामांकने आणि त्या त्या वर्षी लागू असलेले नियम शेजारी शेजारी ठेवून वाचत होतो, आणि बऱ्याच निकालांचा उलगडा चित्रपटांपेक्षा नियमांच्या कलमांतूनच अधिक होतो, असे माझे मत होत गेले. ते इथे मांडतो. जिथे चुकत असेन तिथे जाणकारांनी हात धरावा.

आधी थोडी पूर्वपीठिका. कार्टून लघुपटांसाठी ऑस्कर १९३२ पासून आहे, आणि पहिलेच ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या डिस्नेच्या रंगीत लघुपटाला गेले. पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटासाठी मात्र पुढची जवळजवळ सत्तर वर्षे स्वतंत्र पुरस्कार नव्हता. एखादे काम इतके वेगळे निघाले की दुर्लक्ष करणेच अशक्य व्हावे, तर अकादमी, म्हणजे ऑस्कर देणारी संस्था, विशेष पुरस्कार देऊन मोकळी होत असे. ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’साठी वॉल्ट डिस्नेंना फेब्रुवारी १९३९ मध्ये असाच सन्मान मिळाला. त्या समारंभाचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल : दहा वर्षांची शर्ली टेंपल शेजारी उभी आहे, समोर ऑस्करची एक नेहमीच्या आकाराची बाहुली आहे आणि तिच्या बाजूला उतरत्या पायऱ्यांवर सात चिमुकल्या बाहुल्या मांडलेल्या आहेत. कल्पना गोड आहे यात वाद नाही, पण ते छायाचित्र पाहिले की मला दर वेळी वाटते की पाठीवर थाप मारणे आणि पंक्तीला बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’साठी रिचर्ड विल्यम्स यांना आणि ‘टॉय स्टोरी’साठी जॉन लॅसेटर यांना मिळालेले विशेष पुरस्कारही याच जातीचे होते.

मधल्या काळात एकदा पंक्तीत पान मांडले गेले. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ला १९९२ च्या समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले. तेव्हा त्या विभागात पाचच चित्रपट असत, म्हणून त्या नामांकनाचे वजन मी फार मानतो. एरवी त्या दशकात ॲनिमेशनपटांच्या वाट्याला गाण्याचे ऑस्कर येत राहिले. डिस्नेच्या चित्रपटांतील गाण्यांनी १९८९ ते १९९९ या काळात ते सहा वेळा जिंकले.

स्वतंत्र पुरस्कार २००१ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला समारंभ २४ मार्च २००२ रोजी झाला. त्याला इतका उशीर का, याचे उत्तर बरेचसे अंकगणितात आहे. नव्वदच्या दशकापर्यंत अमेरिकेत वर्षाला इतके थोडे पूर्ण लांबीचे ॲनिमेशनपट प्रदर्शित होत की स्पर्धा लावायची कोणाकोणात, हाच प्रश्न होता. ही भीती नियमातही उतरली. वर्षभरात लॉस एंजेलिस परगण्यात किमान आठ पात्र चित्रपट प्रदर्शित झाले तरच त्या वर्षी पुरस्कार द्यायचा, आठ ते पंधरा असतील तर जास्तीत जास्त तीन नामांकने आणि सोळा किंवा अधिक असतील तर पाच, अशी तरतूद केली गेली. पहिल्या वर्षी पात्र चित्रपट भरले नऊ! त्यांतून ‘श्रेक’, ‘मॉन्स्टर्स, इंक.’ आणि ‘जिमी न्यूट्रॉन : बॉय जीनियस’ ही तीन नावे निघाली आणि बाहुली ‘श्रेक’ने नेली. दुसऱ्या वर्षी पात्र चित्रपट सतरा झाले, म्हणून नामांकने पाच.

सोळाच्या या उंबरठ्याने पुढे दोनदा मोठी गंमत केली. पहिली २००६ च्या चित्रपटांच्या वेळची. यादीत सोळा नावे आली होती, म्हणजे पाच नामांकने नक्की. मग ल्यूक बेसाँ यांचा ‘आर्थर अँड द इन्व्हिजिबल्स’ तपासणीत बाद ठरला, कारण चित्रपटाच्या लांबीपैकी किमान ७५ टक्के भाग ॲनिमेशनचा असावा ही अट तो पुरी करत नव्हता. सोळाचे पंधरा झाले आणि पाच नामांकनांची तीन झाली. म्हणजे एका चित्रपटाच्या अपात्रतेमुळे त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या आणखी दोन चित्रपटांची संधी हुकली. दुसरी २०१० ची. त्या वर्षी पात्र चित्रपट पुन्हा पंधराच होते. ‘टॉय स्टोरी ३’, ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ आणि फ्रान्सचा ‘द इल्यूजनिस्ट’ आत आले आणि ‘टँगल्ड’ बाहेर राहिला. ‘टँगल्ड’ला का डावलले, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते त्याला कोणी डावलले नाही, त्याला सोळावा सोबती मिळाला नाही, इतकेच.

आठ चित्रपटांची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, कारण तोवर तिची गरजच उरली नव्हती.

पहिला पुरस्कार ‘श्रेक’च्या दोन्ही दिग्दर्शकांनी स्वीकारला, तेव्हापासून दिग्दर्शकाला मुख्य मानण्याची पद्धत आहे. त्याविषयी आणि मतदान कोण करते याविषयी पुढे प्रतिसादांत लिहीन.

टिपकागद

लेख आवडला. एक दुरुस्ती सुचवतो. ‘श्रेक’ची बाहुली दिग्दर्शकांनी नव्हे, निर्माते ॲरन वॉर्नर यांनी स्वीकारली होती. चित्रपटामागची मुख्य सर्जक व्यक्ती म्हणून कोणाचे नाव द्यायचे, याबाबत सुरुवातीच्या काळात बरीच मोकळीक होती. पुढे बहुतेक वर्षे दिग्दर्शकांची नावे दिसतात आणि २०१३ च्या चित्रपटांपासून, म्हणजे ‘फ्रोझन’पासून, निर्मात्याचे नावही सोबत येऊ लागले.

आणखी एक भर घालतो. ऑस्करने वाट पाडल्यावर बाकीच्यांना मागे राहणे अवघड झाले. २००६ च्या चित्रपटांसाठी गोल्डन ग्लोब, ब्रिटनचे बाफ्टा आणि जपान अकादमी या तिघांनीही एकाच वर्षी ॲनिमेशनपटाचा विभाग सुरू केला. गोल्डन ग्लोब ‘कार्स’ला मिळाले, बाफ्टा ‘हॅपी फीट’ला आणि जपानमध्ये ‘द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम’ला. ऑस्करही त्या वर्षी ‘हॅपी फीट’चेच. ॲनिमेशन व्यवसायाचे स्वतःचे ॲनी पुरस्कार मात्र या सर्वांच्या आधीपासूनचे आहेत. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा विभाग १९९२ पासून आहे.

जुनी_रीळ

दुरुस्ती मान्य आहे आणि तिच्याबद्दल आभार. मूळ लेखातले वाक्य तसेच ठेवतो, म्हणजे आपला प्रतिसाद वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल.

कुंचला

मी गेली अठरा वर्षे मुंबईत ॲनिमेशनचे काम करते. सुरुवात हाताने रेखाटण्यापासून झाली आणि आता दिवस संगणकापुढे जातो. त्यामुळे नियमावलीतल्या ज्या कलमावर माझे लक्ष सर्वांत आधी जाते ते म्हणजे ‘ॲनिमेशन कशाला म्हणायचे’ हे.

बाहेरून हा प्रश्न पोरकट वाटेल, पण २००६ च्याच यादीकडे पुन्हा पाहावे. नामांकनातल्या तिघांपैकी ‘हॅपी फीट’ आणि ‘मॉन्स्टर हाऊस’ या दोघांत मोशन कॅप्चरचा मोठा वापर होता. ‘हॅपी फीट’मधला पेंग्विन जो टॅप नृत्य करतो, ते मुळात सेव्हियन ग्लोव्हर या नर्तकाचे पाय आहेत. त्याच्या अंगावर खुणा लावून त्याच्या हालचाली नोंदवल्या गेल्या आणि त्या पेंग्विनच्या शरीरावर चढवल्या गेल्या. आता तो नाच कोणी ‘केला’? ज्याने पाय हलवले त्याने, की माणसाच्या लांब तंगड्यांची हालचाल पेंग्विनच्या आखूड पायांवर बसावी म्हणून फ्रेममागून फ्रेम डागडुजी करत बसलेल्या ॲनिमेटरने? मी असे काम केले आहे, म्हणून सांगते : नोंदवलेली हालचाल जशीच्या तशी चढवली की पात्राचे पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात आणि अंगाला वजनच उरत नाही. पाऊल टेकण्याच्या आधीची एक-दोन चित्रे थोडी लांबवली, टेकल्यावर गुडघा जरा अधिक दाबला, की मग ते पाऊल ‘पडते’. हे करणारा माणूस पडद्यावर कुठेच दिसत नाही.

अकादमीतील ॲनिमेटर मंडळींना हे सलत असावे, असा माझा अंदाज आहे. ‘द पोलर एक्स्प्रेस’ला २००४ मध्ये नामांकन मिळाले नाही, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ टिनटिन’ला २०११ मध्ये मिळाले नाही, आणि या दोहोंच्या मध्ये, २०१० च्या नियमांत, निव्वळ मोशन कॅप्चर म्हणजे ॲनिमेशनचे तंत्र नव्हे, असे स्पष्ट वाक्य आले. हातपाय माणसाचे असले तरी पात्राचा अभिनय चित्राचित्राने घडवलेला असला पाहिजे, असा त्याचा रोख आहे आणि मला तो पटतो. चित्रित केलेल्या माणसांवर रेखाटन करण्याचे रोटोस्कोपिंगचे तंत्र मात्र आत येऊ दिले गेले. पहिल्याच वर्षीच्या नऊ पात्र चित्रपटांत ‘वेकिंग लाइफ’ होता, जो संपूर्ण तसाच बनवलेला आहे.

आता जे मला बोचते ते. पुरस्काराच्या पहिल्या चोवीस वर्षांत हाताने रेखाटलेल्या फक्त दोन चित्रपटांना तो मिळाला : ‘स्पिरिटेड अवे’ आणि ‘द बॉय अँड द हेरॉन’. दोन्ही हायाओ मियाझाकी यांचे. स्टॉप मोशनचेही, म्हणजे खरी वस्तू थोडीथोडी हलवून एकेक चित्र टिपण्याच्या तंत्राचेही, दोनच, २००५ चा ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ आणि २०२२ चा गियेर्मो देल तोरो यांचा ‘पिनोकियो’. बाकीचे वीस संगणकावरचे. ‘लव्हिंग व्हिन्सेंट’साठी शंभराहून अधिक चित्रकारांनी तैलरंगात सुमारे ६५,००० फ्रेम रंगवल्या. त्याला नामांकन मिळाले, पण बाहुली ‘कोको’ला गेली. ‘कोको’ मलाही रडवतो, तक्रार त्याच्याबद्दल नाही. लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेवर, वाकून, पेग बारच्या खुंट्यांत कागद अडकवून, पाच कागद बोटांत धरून ते पटापट उलटत हालचाल तपासणाऱ्या माणसाला मतदार किती ओळखतो, एवढीच शंका आहे.

शेवटची_रांग

जुनी_रीळ यांनी ‘पहिल्या वर्षी पात्र चित्रपट नऊ’ असे लिहून पुढे जाऊ नये, कारण त्या नवांत आपल्या ओळखीचा एक चित्रपट आहे. ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने त्या यादीत असलेला चित्रपट म्हणजे भारत-जपान सहकार्यातून बनलेला रामायणावरचा ॲनिमेशनपट, १९९३ च्या सुमारास पूर्ण झालेला. जपानचे युगो साको यांनी तो मनावर घेतला आणि आपले राम मोहन त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक होते. अमेरिकेत तो जेम्स अर्ल जोन्स यांच्या निवेदनासह नव्या नावाने २००१ मध्ये लागला आणि म्हणून त्या वर्षी पात्र ठरला. रामाला तिथे आवाज दिला होता ब्रायन क्रॅन्स्टन यांनी, जे पुढे एका वेगळ्याच प्रकारच्या भूमिकेमुळे जगभर गाजले.

आमच्या पिढीने तो दूरचित्रवाणीवर हिंदीत पाहिला. रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा. माझ्या आजीला कार्टून म्हणजे उंदीरमांजराची मारामारी एवढेच ठाऊक होते. त्यामुळे हा चित्रपट लागल्यावर ती पहिली पाच मिनिटे संशयाने पाहत होती. सेतू बांधण्याच्या प्रसंगाला मात्र तिने हातातली जपमाळ बाजूला ठेवली होती, ते माझ्या डोळ्यांपुढे आहे. तो भारतात चित्रपटगृहांत रीतसर झळकला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये.

राम मोहन यांच्या मागचा धागा मुंबईतलाच आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात ते १९५६ मध्ये रुजू झाले आणि तिथे त्यांना शिकवायला आले होते क्लेअर वीक्स, ज्यांनी डिस्नेकडे ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बॅम्बी’वर काम केले होते. ज्या ‘स्नो व्हाइट’साठी एक अधिक सात बाहुल्या दिल्या गेल्या, तिच्यावर काम केलेल्या माणसाचा शिष्य स्वतंत्र पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी पात्रतेच्या यादीत होता, हे मला फार सुंदर वाटते. किंचित अवांतर : दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या आसपास आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. म्हणजे स्टॉप मोशन आपल्याकडे तेव्हापासूनच आहे, नामांकन तेवढे अजून आलेले नाही. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ हा मुंबईवरचा, हाताने रंगवलेला चित्रपट २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता, पण ऑस्करच्या नामांकनापर्यंत तोही पोहोचला नाही.

तिरकस

सर्वांचे प्रतिसाद वाचले. नियमांचा अभ्यास उत्तम आहे, पण मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. स्वतंत्र पुरस्कार म्हणजे मान की कुंपण?

माझे मत कुंपण असे आहे आणि त्याला आधार देतो. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ पाचांत बसला तेव्हा हा विभाग नव्हता. विभाग आल्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत ‘अप’ आणि ‘टॉय स्टोरी ३’ हे दोनच ॲनिमेशनपट पोहोचले, आणि तेही ती यादी पाचांवरून दहांवर नेल्यानंतर. ‘वॉल-ई’ला २००८ मध्ये सहा नामांकने होती, तरी त्या पाचांत जागा मिळाली नाही. २०१० नंतर २०२४ पर्यंतच्या चित्रपटांपैकी एकालाही तो मान मिळालेला नाही. ‘तुमच्यासाठी वेगळी खोली आहे ना, मग दिवाणखान्यात कशाला येता’, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडे लग्नात लहान मुलांची पंगत आधी उरकून घेतात, तसेच काहीसे.

आणि मुलांची पंगत हा शब्द मी उगाच वापरत नाही. २०२२ च्या समारंभात हा पुरस्कार जाहीर करायला तीन अभिनेत्री आल्या. तिघीही डिस्नेच्या परीकथांच्या पुनर्निर्मितीत राजकन्या झालेल्या किंवा होऊ घातलेल्या. त्यांच्या तोंडी घातलेल्या संहितेचा आशय असा होता की मुले हे चित्रपट पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा पाहतात आणि पालकांना ते मुकाट्याने सोसावे लागते. त्याच वर्षीच्या नामांकनांत ‘फ्ली’ होता : अफगाणिस्तानातून पळालेल्या एका समलिंगी निर्वासिताची खरी कहाणी, जिला ॲनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तिन्ही विभागांत नामांकन होते. तो कोणत्या पालकांनी किती वेळा सोसला, ते अकादमीने सांगावे. फिल लॉर्ड आणि ख्रिस मिलर यांनी नंतर जाहीर लेख लिहून नाराजी व्यक्त केली. आणि पुढच्या वर्षी देल तोरो यांनी बाहुली हातात घेऊन ‘ॲनिमेशन हा सिनेमाच आहे, तो एक प्रकार नव्हे’ अशा अर्थाचे भाषण केले. पहिला पुरस्कार मिळून वीस वर्षे उलटल्यावरही विजेत्याला हे सांगावे लागते, यातच सर्व आले.

जुनी_रीळ

तिरकस, तुमचा मुद्दा मी खोडून काढणार नाही, पण पुरावा एका बाजूचाच घेतला आहे. विभाग नसलेल्या जवळजवळ सत्तर वर्षांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत एकच ॲनिमेशनपट गेला. म्हणजे कुंपण आधीही होतेच, फक्त ते दिसत नव्हते. आणि कुंपणाच्या आत काय पिकले, तेही पाहावे. २००२ मध्ये विभाग नसता तर ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्करच्या रात्री कोणी विचारले असते का? बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता हे खरे. पण अमेरिकेतला सामान्य प्रेक्षक मियाझाकी हे नाव या बाहुलीनंतरच शिकला.

ते स्वतः त्या रात्री आले नव्हते. समारंभ २३ मार्च २००३ रोजी होता आणि इराकवरचे आक्रमण त्याआधी तीनच दिवस सुरू झाले होते. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जाण्याची आपली इच्छा नव्हती, हे कारण त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २००९ मध्ये. निर्मात्याने तोवर गप्प राहायला सांगितले होते, असेही ते म्हणाले. एकवीस वर्षांनी ‘द बॉय अँड द हेरॉन’च्या वेळीही मंचावर ते नव्हते. तेव्हा त्यांचे वय ८३ होते.

आता मतदारांविषयी. सुरुवातीची पंधरा-सोळा वर्षे नामांकने ठरवणारी एक छोटी समिती असे. तिच्यात ॲनिमेशनची मंडळी असत आणि इतर शाखांतून आलेले सभासदही असत. तिने चित्रपट खरोखर बसून पाहावेत अशी व्यवस्था होती. त्यामुळे ज्यांची जाहिरात करायला कोणाकडे पैसा नव्हता असे चित्रपटही आत आले : ‘द ट्रिप्लेट्स ऑफ बेलव्हिल’, ‘पर्सेपोलिस’, ‘चिको अँड रिटा’, ‘अ कॅट इन पॅरिस’. २००५ मध्ये तर तिन्ही नामांकने संगणकाशिवायच्या तंत्रांना मिळाली, दोन स्टॉप मोशनची आणि एक मियाझाकींच्या हाताची. अंतिम निवड मात्र सर्व सभासद करत, आणि तिथे गणित बदले. पहिल्या चोवीसपैकी अकरा पुरस्कार पिक्सारचे आहेत आणि चार डिस्नेच्या स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओचे. पिक्सारच्या कामाची पातळी पाहता त्यांतले निम्मे तरी मी डोळे मिटून देईन. पण ‘ब्रेव्ह’चा पुरस्कार मला आजही समजलेला नाही.

टिपकागद

‘ब्रेव्ह’बद्दल सहमत आहे, तरी एक नोंद त्या चित्रपटाच्या बाजूने करावी लागेल. या विभागात जिंकणारी पहिली स्त्री दिग्दर्शक त्याच चित्रपटाची, ब्रेंडा चॅपमन. निर्मिती चालू असताना त्यांच्याकडून चित्रपट काढून घेण्यात आला होता. बाहुली मात्र त्यांच्या आणि मार्क अँड्र्यूज यांच्या नावे आली.

लिफीकाठ

मी डब्लिनमध्ये राहतो, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा पक्षपाती असणार, हे आधीच कबूल करतो. इथून दीड-दोन तासांवर किल्केनी नावाचे टुमदार गाव आहे आणि तिथे कार्टून सलून हा स्टुडिओ आहे. त्यांच्या चार चित्रपटांना या विभागात नामांकन मिळाले : ‘द सीक्रेट ऑफ केल्स’, ‘साँग ऑफ द सी’, ‘द ब्रेडविनर’ आणि ‘वुल्फवॉकर्स’. पुरस्कार एकदाही नाही. स्टॉप मोशन करणाऱ्या लायका या अमेरिकी स्टुडिओची गत याहून वाईट, पाच नामांकने आणि हात रिकामे.

‘द सीक्रेट ऑफ केल्स’ ज्या हस्तलिखितावर बेतला आहे ते इथल्या ट्रिनिटी कॉलेजात काचेखाली ठेवलेले असते. घरी पाहुणे आले की त्यांना तिथे नेणे हे माझे ठरलेले काम आहे. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या पानांवर एकेका अक्षराच्या पोटात वेलींची इतकी बारीक गुंफण आहे की नजर एका टोकाला शिरली की दुसऱ्या टोकाला कधी निघाली ते कळत नाही. चित्रपटाच्या अखेरीस त्याच वेली हलू लागतात. छायाप्रकाशाचा किंवा खोलीचा आभास न करता सपाट नक्षीलाच जिवंत करणे हा त्या दिग्दर्शकांचा निर्णय मला धाडसी वाटतो, आणि २०१० च्या आरंभी नामांकने जाहीर झाली तेव्हा ते नाव ऐकून भलेभले चकित झाले होते. ती छोट्या समितीचीच कृपा होती, हे जुनी_रीळ यांचे म्हणणे म्हणूनच पटते.

अंतिम मतदाराचे मात्र काय सांगावे! २०१५ मध्ये अकादमीच्या एका सभासदाची नाव न छापता मुलाखत प्रसिद्ध झाली होती. त्या वर्षी नामांकनांत आयर्लंडचा ‘साँग ऑफ द सी’ आणि जपानचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ होता. त्या गृहस्थाने या दोघांचा उल्लेख, मध्ये एक शिवी घालून, ‘त्या दोन चिनी गोष्टी’ असा केला. त्या दोन्ही कोणी पाहिल्यात, अशीही पुस्ती जोडली. आयरिश समुद्रपरीला चीनमध्ये नेऊन बसवणारा हा माणूस मतदार होता.

कुंचला

लिफीकाठ, ती मुलाखत आमच्या कार्यालयात तेव्हा भिंतीवर लावली होती!

मात्र नामांकनाचा टप्पा २०१७ मध्ये सर्व इच्छुक सभासदांना खुला केल्यावर आता छोट्या चित्रपटांचे काही खरे नाही, अशी जी भीती होती, ती अर्धीच खरी ठरली. पहिल्याच वर्षी ‘द बॉस बेबी’ आणि ‘फर्डिनांड’ आत आले तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला होता. पण त्याच यादीत ‘द ब्रेडविनर’ आणि ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ही होते, आणि पुढे ‘आय लॉस्ट माय बॉडी’, ‘फ्ली’, ‘रोबोट ड्रीम्स’ येत राहिले. दरम्यान अकादमीने परदेशातले सभासदही मोठ्या संख्येने वाढवले, हे एक कारण असावे.

आणि मग मार्च २०२५ मध्ये ‘फ्लो’. लाटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस यांचा, एकही संवाद नसलेला, पुरातून वाहत जाणाऱ्या मांजराचा चित्रपट. खर्च सुमारे ३५ लाख युरो, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या एका चित्रपटाच्या तुलनेत चहापाण्याचा. समोर ‘इनसाइड आउट २’ आणि ‘द वाइल्ड रोबोट’ असताना तो जिंकला, आणि लाटव्हियाचे ते पहिले ऑस्कर. आमच्या धंद्यात त्या रात्री खरी चर्चा वेगळीच झाली : तो ब्लेंडरवर बनलेला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, ब्लेंडर हे फुकट मिळणारे, कोणालाही उतरवून घेता येणारे सॉफ्टवेअर आहे. आमच्याकडे शिकायला येणारी मुले त्याच्यावरच हात बसवतात आणि मग नोकरीसाठी महागडे सॉफ्टवेअर शिकतात. चित्रपट नीट पाहिला तर काटकसर दिसते. प्राण्यांच्या अंगावर केस मोजून दाखवलेले नाहीत, रंगाचे सपाट ठिपके आहेत. पण मांजर उडी मारण्याआधी मागचे पाय जसे दोनदा चाचपते, ते ज्याने मांजर तासन्‌तास पाहिले आहे त्यालाच सुचेल. माझ्या व्याख्येप्रमाणे तो ‘हाताचाच’ चित्रपट आहे, मग साधन कोणते का असेना.

शेवटची_रांग

एक शंका. सर्व नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही, असा नियम २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाल्याचे वाचले. तो या विभागालाही लागू आहे का, आणि पाहिले की नाही हे तपासणार कसे?

जुनी_रीळ

तो नियम २०२५ च्या चित्रपटांपासून सर्वच विभागांना आहे. अकादमीची सभासदांसाठी स्वतःची ऑनलाइन प्रदर्शनाची सोय आहे, तिथे कोणी काय पाहिले याची नोंद राहते. चित्रपटगृहात किंवा महोत्सवात पाहिला असेल तर कधी आणि कुठे पाहिला, हे सांगणारा अर्ज भरून द्यायचा. त्यापुढे सभासदाच्या सचोटीवर विश्वास.

तिरकस

म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या त्या सद्‌गृहस्थांना आता ‘साँग ऑफ द सी’ कुठे पाहिला, असे विचारले असते तर त्यांनी रकान्यात ‘बीजिंग’ लिहून दिले असते.